अर्धलीनं दिलेल्या ओव्या

बिरुदेववस्ती, ता. मोहोळ
११ नोव्हेंबर २०२४

॥ बिरुदेव प्रसन्न, लाइट असेपर्यंत ॥

चि. दिपालीस आण्णाचा आणि तू दिवाळीत बसवून गेलेल्या नव्या कॉम्प्युटरचा आशीर्वाद.

पाकीट बघून हसशील. फोन असताना आण्णांना ही काय दुर्बुद्धी सुचली! अगं, उभं आयुष्य मी सायकलवरून लोकांची पत्रं वाटली. लग्नाची वाटली, मयताची वाटली, नोकरी लागल्याची वाटली तेव्हा पेढेही खाल्ले. माझ्या नावाचं मात्र कधी आलं नाही. आता रिटायर झालोय, तर माझ्या जागी आलेल्या ज्ञानूनं दारात घंटी वाजवून "धुळाप्पा, पत्र!" अशी हाक मारावी एवढी हौस राहिली आहे. ती पोटच्या पोरीनं फेडावी. दुसरं असं की तू फोनवर सांगतेस ते फोन चालू असेपर्यंतच मला कळतं. ठेवला की पाटी कोरी.

मुद्द्याचं लिहितो. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात रोज एक चौकट उगवते आणि म्हणते, बॅकअपची सेटिंग तपासा. मी रोज तिला नको म्हणतो. ती रोज येते. तुझ्या आत्याला, आक्काला, संशय आहे की मी पोस्टाचं काहीतरी हातचं ठेवलंय आणि सरकार ते मागतंय.

मला भीती वाटते ती ओव्यांची. बिरुदेवाची अख्खी ओवी, जन्मापासून लग्नापर्यंत, आता आपल्या भागात एकट्या आक्काला येते. ती सांगत गेली, मी जुन्या कॉम्प्युटरवर एका बोटानं टाइप करत गेलो, यात तीन पावसाळे गेले. तिची अट तुला ठाऊक आहे: "लिवायला म्हनून एकदाच सांगीन. दुसऱ्यांदा इचारलंस तर देवाची आन, त्वांड उगडायची न्हाय." दिवाळीच्या आधी लग्नाचा भाग झाला आणि ओवी पुरी झाली. सोलापुरातला प्रेसवाला सोमशेखर म्हणतो, पाडव्याच्या आत मजकूर द्या, चैत्रातल्या जत्रेला पुस्तक हातात देतो. आक्कानं जत्रेत नेसायचं लुगडं आत्तापासून पेटीच्या वर काढून ठेवलंय. तेव्हा यातलं एक अक्षर जरी हरवलं तरी मला गाव सोडावं लागेल.

आणि हो, अकलूजला शहाजीकाकाकडे यातलं काही बोलू नकोस. तुझ्या काकूच्या, बजाबाईच्या कानावर गेलं की ती पुन्हा म्हणायची, "वन्सं लग्नाच्या भागात निम्म्या ओव्या गाळतात." त्यांच्या उत्कर्षाच्या बारशाला भर मांडवात ती असं म्हणाली आणि आक्कानं भावजयीशी अबोला धरला. आता उत्कर्षा कॉलेजात जाते. अबोला अजून पाळण्यातच आहे.

तर त्या चौकटीचं काय करायचं ते कागदावर, पायरीपायरीनं लिही.

तुझा आण्णा,
धुळाप्पा (निवृत्त, पण कामावर)


सोलापूर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. आण्णांस टॉवेलच्या कारखान्यातून, डबा खाताखाता, तेलकट हातांनी नमस्कार.

तुमचं पाकीट बघून घरमालकीण धावत वर आली. तिला वाटलं, कोर्टाची नोटीस. माझ्या खोलीतल्या सुकन्यानं ते उलटंसुलटं करून पाहिलं, तिला जन्मात हातानं लिहिलेलं पत्र आलेलं नाही म्हणे. हौस फिटेपर्यंत लिहीन, फक्त माझ्या अक्षराला नावं ठेवायची नाहीत.

आता ती चौकट. ती वैरीण नाही, तिला हाकलू नका. चिंचोळी एमआयडीसीत मी दिवसभर हेच करते, सगळ्या ऑफिसचे बॅकअप बघते, आणि माझ्याच वडिलांच्या घरी बॅकअप नाही म्हटल्यावर साहेब मला काढूनच टाकतील. तुम्हाला तुमच्या भाषेत सांगते. सगळी मेंढरं एका जाळीत कोंडू नयेत, हे मला कोणी शिकवलं? लांडगा शिरला, रोग आला, तर कळप संपतो. काही दुसरीकडे असली की वंश राहतो. बॅकअप म्हणजे तेच.

चौकट उघडलीत की ती आधी विचारेल, काय जपायचं? तिथे 'ओव्या' नावाचं फोल्डर मी दिवाळीतच निवडलं आहे. मग विचारेल, कुठं? तिथे मी दिलेली काळी हार्ड डिस्क. केव्हा, तर दर रविवारी सकाळी, कारण तेव्हा तुम्ही घरी असता. आणि जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या, तर 'जागा लागेपर्यंत'. तुम्ही एखादी ओळ बदललीत तर बदलण्याआधीची प्रतही डिस्क जपून ठेवते, आणि जागा भरली की आपोआप काढून टाकते. दिवाळीत मी एकदा स्वतः चालवून पाहिलं होतं, तेव्हा सगळं व्यवस्थित गेलं होतं. तुम्ही फक्त होय म्हणायचं.

शेवटचं म्हणजे, डिस्क कॉम्प्युटरच्याच टेबलावर ठेवू नका. एका घरात दोन्ही असली तर चोराचं एका खेपेत काम होतं. जमलं तर दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवा, आणि बॅकअपपुरती आणा.

आत्याला सांगा, सरकार काही मागत नाही.

दिपाली


बिरुदेववस्ती
९ डिसेंबर २०२४

॥ बिरुदेव प्रसन्न, चौकटही प्रसन्न ॥

चि. दिपालीस विजयी आण्णाचा आशीर्वाद.

काम फत्ते! ज्ञानूनं हाक मारली तेव्हा मी मुद्दाम दोनदा ऐकू आलं नाही असं केलं. तिसऱ्या हाकेला अख्खी वस्ती बाहेर आली, मग उठलो.

तू मेंढरांचं लिहिलंस आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इतके दिवस मला उगाच वाटायचं की हे काहीतरी इंग्रजी आहे. ओव्यांचे बरोब्बर दोन भाग केले. देवाच्या जन्माच्या आणि रानातल्या ओव्या घरात ठेवल्या. पुढच्या सगळ्या, लग्नाचा भाग धरून, इथून कापून डिस्कमध्ये चिकटवल्या. कट आणि पेस्ट तूच शिकवलं होतंस. आता निम्मा कळप इथं, निम्मा तिथं. येऊ दे लांडगा.

तुझ्या सेटिंगमध्ये दोन बदल केलेत. रविवार काढून सोमवार केला. रविवार देवाचा वार, त्या दिवशी आपण मेंढीला कात्री लावत नाही, कळप हलवत नाही, मग कॉम्प्युटरलाच का राबवायचं? रविवारी त्याची पूजा करतो. काल थोडा भंडारा टाकला, तर आतला पंखा सुरू झाला आणि माझं तोंड, भिंतीवरचं कॅलेंडर आणि आक्काची भाकरी सगळं पिवळं झालं. आक्का म्हणाली, "द्येव पावला की रं तुज्या यंत्राला!"

दुसरा बदल असा. म्हाताऱ्या प्रती जागा लागली की काढून टाकायच्या, असं तू ठरवून गेली होतीस. मला शरम वाटली. म्हातारी झाली म्हणून मेंढी कसायाला देणारं आपलं घर नाही. खाली 'कायम ठेवा' असं होतं, त्यावर टिचकी मारली. राहू देत बापड्या.

आणि दुसऱ्या घराचं म्हणशील, तर शहाजी ऊस तोडायच्या आधी भेटून जायला आला होता. त्याच्या पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या खाली डिस्क सरकवली. रीतसर अर्धलीनं दिली आहे. अर्धल म्हणजे काय ते सोलापुरात राहून विसरली असशील: जनावर आपलं, चारणार तो, आणि जी वाढ होईल ती दोघांत निम्मी. शहाजीनं विचारलं, "यात वाढ कशाची होनार?" मी म्हटलं, बघू, कॉम्प्युटरचं काही सांगता येत नाही.

आक्काला पत्ता नाही. तिची लग्नाची ओवी बजाबाईच्या घरात आहे हे कळलं तर ती मला जत्रेत बोकडाच्या जागी उभा करेल.

तुझा आण्णा


सोलापूर
१६ डिसेंबर २०२४

आण्णा, नमस्कार नंतर.

फोन केला तर आत्यानं उचलला आणि "चार्जिंगला लावलाय, जळंल, उद्या बोल" म्हणून ठेवून दिला. तिला काही सांगायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. म्हणून हे स्पीड पोस्टानं.

तुम्ही बॅकअप घेतलेला नाही. वाटणी केलीत! बॅकअपमध्ये सगळं इथंही असतं आणि तेच सगळं तिथंही असतं. तुम्ही लग्नाचा भाग घरातून काढूनच टाकलात. आता तो फक्त त्या डिस्कमध्ये आहे आणि डिस्क अकलूजला चटणीखाली आहे. ती पडली, भिजली, कुणी पुसली, तर आत्या दुसऱ्यांदा सांगणार नाही आणि सोमशेखर अर्ध्या ओवीचं पुस्तक छापणार नाही. तो काल भेटला, मजकुराचं विचारत होता. मी खोकला आल्यासारखं केलं.

मेंढरांचं उदाहरण मीच दिलं, तेव्हा चूक निम्मी माझी. तीही अर्धलीनं.

काहीही दाबू नका, काहीही कापू नका. काकांना सांगून डिस्क परत मागवा. आणि आत भंडारा टाकू नका, देवाला बाहेरूनही पोचतो.

सुकन्या हसून हसून पलंगावरून पडली. मी मात्र कॅलेंडरवर पाडव्यापर्यंतचे दिवस मोजतेय.

दिपाली


अकलूज
१४ जानेवारी २०२५

दिपाताई,

तिळगूळ पत्रातून पाठवता येत नाही, गोड बोल एवढंच. पत्रच लिही असं तू म्हणालीस म्हणून लिहितेय. मैत्रिणी विचारतात, कुठल्या परीक्षेचा सराव चाललाय?

डिस्कचं सांगते, पण ओरडू नकोस. तिच्यात जागा खूप रिकामी होती. बाबा म्हणाले, अर्धलीची आहे, वाढली तर आपलीच शोभा. म्हणून मी माझे सगळे सिनेमे, कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ आणि बाबांची भजनं तिच्यात भरली. पुसलं काहीच नाही, शप्पथ.

खरी बातमी वेगळीच आहे. आई कॉम्प्युटर शिकतेय! डिस्कमध्ये काय आहे म्हणून एकदा तिला दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला मराठी टाइप करायला शिकव. आता रोज दुपारी माझा लॅपटॉप घेते, दार लावून घेते आणि आतून गुणगुणायचा आवाज येतो. विचारलं तर म्हणते बचत गटाचं काम आहे. मला वाटतं ती गटाच्या अध्यक्षपदाला उभी राहणार आहे आणि भाषण पाठ करतेय. तू कुणाला बोलू नकोस, तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल.

डिस्क कधी पाठवायची म्हटलं की म्हणते, अजून जरा राहिलंय. राहिलंय काय ते सांगत नाही. पुढच्या महिन्यात दूध डेअरीच्या टेम्पोबरोबर नक्की पाठवते.

उत्कर्षा


बिरुदेववस्ती
८ फेब्रुवारी २०२५

॥ बिरुदेवा, सांभाळ ॥

चि. दिपालीस परागंदा व्हायच्या बेतात असलेल्या आण्णाचा आशीर्वाद.

डिस्क आली. आधी चांगलं सांगतो. दिली होती मूठभर, आली पाटीभर! सिनेमे काय, नाच काय, शहाजीची भजनं काय. मी त्याला लगेच फोन केला की वाढीतला निम्मा वाटा माझा, मारामारीचे सिनेमे मी घेतो, रडायचे तू ठेव. तो कबूल झाला.

आता वाईट. डिस्क बजाबाईनं विणलेल्या पिशवीतून आली. मी ती दडवणार तेवढ्यात आक्कानं टाका ओळखला. मी म्हटलं, टेम्पोवाल्याची असेल. ती अंगणात ज्वारी पाखडत बसली. मला वाटलं, वाचलो. लग्नाचा भाग धड आहे का ते बघायला फाइल उघडली आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो:

बिरुदेव नवरा, घोंगडी खांद्यावरी
मेंढरं वरातीला चालली डोंगरी

ही आक्काची. सूप थांबलं नाही. मी पुढची वाचली:

नवरीच्या माऊलीनं दळली हळद
जात्याला सांगते, फीर बाई अलगद

सूप थांबलं.

"धुळ्या, ही कुनाची?"

मी म्हटलं, तुझीच की.

"माजी न्हाय. फुडं वाच."

कोकराला म्हणे नवरी, तू माझी करवली
उन्हाच्या येळंला धर माझ्यावर सावली

दिपाली, आक्का उठली तशी अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. बजाबाईनं आक्काच्या फाइलीत जागोजाग आपल्या माहेरच्या ओव्या घातल्या आहेत. एवढ्यावर भागलं असतं, पण आक्काच्या काही ओळीही तिनं आपल्या हिशेबानं सुधारल्या आहेत. कुठली ओळ कुणाची ते मला आता सांगता येत नाही. आक्काला सांगता येतं, पण ती सांगणार नाही. म्हणाली, "माज्या वव्या इटाळल्या तिनं. आता पुस्तक न्हाय, जत्रा न्हाय, काय न्हाय." लुगडं उचललं आणि पेटीच्या तळाशी घातलं. काल दिवसभर मला जेवायला वाढलं, पण ताट आपटून.

तू लिहिलं होतंस, सगळं इथंही आणि सगळं तिथंही. मी ते दहादा वाचलं. एकच मेंढी एकाच वेळी दोन जाळ्यांत कशी राहील, हे मला अजून उमगलेलं नाही. उमगलं असतं तर आज हे झालं नसतं. पाडवा तोंडावर आला. आक्काचं वय झालंय गं. ती रागावली याचं मला काही नाही, ती जन्मभर रागावलेलीच आहे. पण तिची ओवी माझ्या हातून गेली, हे मला खातंय.

काहीतरी कर.

आण्णा


सोलापूर
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आण्णा, नमस्कार, आणि तुमच्या बोटाला वेगळा नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मीसुद्धा रडले. मग डिसेंबरचं तुमचं पत्र पुन्हा काढलं आणि एकदम ओरडले. तुम्ही त्यात लिहिलंय, म्हाताऱ्या प्रती 'कायम ठेवा' वर टिचकी मारली!

ऐका. दिवाळीत मी बॅकअप चालवून पाहिला होता, तेव्हा आत्याची लग्नाची ओवी पुरी झालेली होती. म्हणजे तिची जशीच्या तशी प्रत त्याच डिस्कमध्ये, जुन्या प्रतींच्या कप्प्यात गेली. माझी सेटिंग तशीच राहिली असती, तर उत्कर्षाच्या सिनेमांनी भरलेली डिस्क तुमच्या कॉम्प्युटरला लावल्याबरोबर ती प्रत पुसली जायची. मी शिकलेली, रोज हेच काम करणारी, मी तिला कसायाकडे धाडायला बसले होते. तुम्ही तिला दारात ठेवून घेतलंत.

आता तुमची मेंढी दोन जाळ्यांत का मावत नाही ते सांगते. काल शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. सुकन्यानं आमच्या दह्यातलं चमचाभर दिलं आणि मला सुचलं. आण्णा, मेंढी विसरा, बॅकअप विरजणासारखा असतो. आपण दिलं म्हणून आपलं दही कमी होत नाही. त्यांच्या घरी तेच दही लागतं. उद्या आपलं नासलं, तर त्यांच्याकडून चमचाभर आणायचं की आपलं दही पुन्हा सुरू. म्हणून कट कधी करायचं नाही, कॉपी करायचं.

आता डिस्क लावा. चौकटीत 'जुन्या प्रती परत आणा' असं आहे, त्यावर टिचकी मारा. दिवाळीची तारीख निवडा, लग्नाची फाइल निवडा आणि ती ठेवायला बजाकाकूंची फाइल आहे तीच जागा दाखवा. मग कॉम्प्युटर तुम्हाला विचारेल: या नावाची फाइल इथे आधीच आहे. तिच्या जागी ही घालू, सोडून देऊ, की दोन्ही ठेवू?

तिथे थांबा. याचं उत्तर मी देणार नाही, तुम्हीही द्यायचं नाही. ओवी आत्याची आहे. तिला खुर्चीवर बसवा आणि विचारा.

दिपाली


बिरुदेववस्ती
२ मार्च २०२५

॥ बिरुदेव प्रसन्न, आक्का प्रसन्न, मी ठार प्रसन्न ॥

चि. दिपालीस आण्णाचा आशीर्वाद, घाईत लिहितोय म्हणून अक्षराकडे बघू नकोस.

विरजण! अगं, हे आधी सांगायचं. मी आक्काला सांगितलं तर म्हणाली, "मंग यात न समजन्यासारकं काय हाय?" आणि लगेच तोंड फिरवलं, रागावलेली आहे हे आठवून.

तरी खुर्चीवर बसली. पाय खाली पोचत नव्हते, ते हलवत बसली. मी तारीख निवडली, फाइल निवडली, आणि तू म्हणालीस तशी चौकट आली. आधी आक्काची जुनी प्रत वाचून दाखवली. अक्षर न् अक्षर तिचं. तिचे डोळे भरले, मग म्हणाली, "बग. ह्येच माजं. ह्येच ठिव." मी बजाबाईचं काढून आक्काचं घालायच्या बटणावर बाण नेला.

"थांब. ती हळदीची येकदा वाच."

वाचली. "परत वाच," म्हणाली. परत वाचली. तिसऱ्यांदा तिनं स्वतःच म्हटली, हळू, चाल लावून. मग पाय हलवायचे थांबवले. मी घाबरून विचारलं, आक्का, काय झालं?

"धुळ्या, आपल्या वव्यात नवरीला हळदच न्हाय लावली रं कुनी."

मी म्हटलं, म्हणजे?

"आपुन नवऱ्याकडची मानसं. आपल्याला वरात ठावं, घोंगडी ठावं. नवरीच्या घरी काय झालं, कोन रडलं, कोन हसलं, ते आपल्या आयांनी कुटनं बगायचं? ते बजीच्या माह्यारी ऱ्हायलं. इतकी वर्सं बिनहळदीची नवरी घिऊन येतोय आपुन. आन ती बारशात त्येच सांगत हुती."

चौकट पडद्यावर तशीच उभी होती. मी विचारलं, मग काय करू? कुठली ठेवू?

"दोगी ठिव की. लग्नाला दोनीकडची मानसं लागत्यात."

टिचकी मीच मारली, पण तिनं माझं बोट धरलं होतं.

मग खुर्चीवरून उडी मारली, पेटी उघडली, लुगडं वर काढलं आणि म्हणाली, "ती काळी डबी अर्धलीनं दिली म्हनलास न्हवं? मंग वाढ झालीया, त्यात अर्धा वाटा माजा. अर्ध्या वव्या तिच्याकडनं शिकून घिते. चल अकलूजला." कसली थांबते! डेअरीच्या टेम्पोत पुढच्या सीटवर बसून गेली. बजाबाईला कळवायचं राहिलंच. शहाजीचा फोन आला की दारात आक्काला बघून बजाबाईच्या हातातलं ताकाचं भांडं पडलं, आणि आक्का पहिलं वाक्य काय बोलली असेल? "चाल चुकलीया तुजी. बस, सांगते."

आण्णा


अकलूज
१८ मार्च २०२५

दिपे,

मी केराबाई, तुजी आत्या, सांगते, बजी लिवते. मी सांगीन तसंच लिव म्हनलंय तिला. (वन्सं सांगतात तसंच लिहितेय. शुद्धलेखनसुद्धा सुधारलं तर ओरडतात. बजाबाई.)

सोमशेखरला वव्या ग्येल्या. लग्नात येक ववी नवऱ्याकडची, येक नवरीकडची, आशी गुंफलीया. त्यो फोनवर म्हनला, पानं वाडली. म्या म्हनलं, मानसं वाडली तर पानं वाडनारच की. (हे मी म्हणाले होते. वन्सं नुसत्या मान हलवत होत्या.)

वव्यांचं इरजन आता लई घरी हाय. येक हितं, येक वस्तीवर, येक सोमशेखरकडं, येक तुज्याकडं. धुळ्यानं ज्ञानूला बी येक दिलंय, त्यो म्हनतो, आण्णा, मी ह्येचं काय करू? धुळ्या म्हनला, काय करू नगंस, नासू दिऊ नगंस. आन त्या यंत्राला रइवारी बंद ठिवायचं न्हाय म्हनून धुळ्याला सांगितलंय. द्येवाच्या वारी द्येवाचंच काम करतंय की ते. (भंडारा मात्र बाहेरूनच लावायचा, असं मी घातलंय. उत्कर्षा शिकवते मला. ती अजून अध्यक्षपदाचं विचारते, मी काही सांगत नाही.)

बारशाचं तू काय इचारू नगंस. त्ये मिटलं. (मिटलं नाही. रोज दुपारी होतं. पण आता चालीवर होतं.)

जत्रंला त्या सुकन्येला बी आन. हसून पलंगावनं पडती म्हनं, तिला माज्याजवळ बसवा. बजीला बी माज्यासारकंच लुगडं घ्येतलंय, म्हंजी जत्रंत कोन कुनाची ववी म्हनतंय ते कुनाला कळाया नगं.

आता शेवट लिव बजे. लिव, लवकर ये.

(पोरगी जत्रेच्या गर्दीत एसटीनं येणार. मी म्हटलं, 'सावकाश ये' असं लिहू. वन्सं म्हणाल्या, तुझं काढ. मी म्हटलं, तुमचं काढा. उत्कर्षा म्हणाली, आता हे पत्र कोणाचं ठेवायचं? मग आम्ही दोघी हसलो.)

लवकर ये.
सावकाश ये.

केराबाई
बजाबाई